पाककृतींची देवाणघेवाण आणि मैत्रीचा परीघ : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या सामाजिक इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतील ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्ह्यातील जातीजमातींचे वर्णन करताना त्यात त्यांच्या अन्नाचीही नोंद केलेली आढळते. ही नोंद जातीनिहाय आहे. प्रत्येक समाजाचे अन्न हे त्या समाजाचे स्थिर लक्षण आहे, असे त्यामागील गृहीतक होते. एका जातीच्या चुलीवरचा पदार्थ दुसऱ्या जातीच्या चुलीवर कसा गेला, हा प्रश्न त्या चौकटीत उपस्थित होऊ शकत नव्हता. पुढील काळातील स्थानिक इतिहासलेखनानेही बंदर, लोहमार्ग, कारखाने व नगरपालिका यांकडे जितके लक्ष दिले, तितके स्वयंपाकघराकडे दिले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील घरांमध्ये मात्र एक शांत स्थित्यंतर घडत होते. पूर्वी आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे येणारी पाककृती आता मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाऊ लागली. नात्याने मिळणारे ज्ञान स्नेहाने मिळू लागले. प्रस्तुत शोधनिबंधात या स्थित्यंतराची कारणे, माध्यमे व मर्यादा यांचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात पाककृतींच्या देवाणघेवाणीस अनुकूल ठरलेल्या सामाजिक परिस्थितीचा शोध घेणे. (२) या देवाणघेवाणीमुळे पाककृतीच्या भाषेत व स्वरूपात झालेले बदल तपासणे. (३) या देवाणघेवाणीच्या जातीय व आर्थिक मर्यादा स्पष्ट करणे. (४) घरगुती पाककृतींच्या हस्तलिखित वह्यांचे ऐतिहासिक साधन म्हणून असलेले मूल्य सूचित करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून छापील पाकपुस्तके, सामाजिक इतिहासातील नोंदी आणि परिसरातील सर्वपरिचित प्रथा यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाचा कालखंड मुख्यतः १९५० ते २०१० असा आहे.

अन्नाचे निर्बंध आणि पाककृतीची मुभा

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात कोणाच्या हातचे खावे व कोणाच्या पंक्तीस बसावे, हा जातिव्यवस्थेचा कळीचा प्रश्न होता. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांना प्रायश्चित्ताच्या वादास तोंड द्यावे लागले. रोटीव्यवहाराचे बंधन मोडणे ही पुढे सामाजिक सुधारणेची कृतीच बनली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये स्थापन झालेल्या समाज समता संघाने सहभोजनांचा पुरस्कार केला, तर अनंत हरी गद्रे यांनी १९४० च्या दशकात झुणका-भाकर सत्यनारायणाचा उपक्रम चालविला.

या पार्श्वभूमीवर पाककृतीचे वेगळेपण ध्यानात घेण्यासारखे आहे. शिजलेल्या अन्नाला विटाळ होतो. पाककृतीला होत नाही. शेजारणीच्या हातची उसळ जिच्या सोवळ्यात बसत नसे, तिला त्या उसळीचा मसाला विचारून घेण्यास अडचण नव्हती. पाककृती ही शब्दांत सांगता येते. ती ऐकणारी आपल्या घरात, आपल्या भांड्यांत व आपल्या हाताने पदार्थ करते. त्यामुळे अन्न जेथे पोहोचू शकत नव्हते, तेथे पाककृती आधी पोहोचली. पुढे डबे प्रत्यक्ष एकमेकींसमोर उघडू लागले, त्यापूर्वीचा हा टप्पा होय. मात्र तोंडी सांगितलेले शब्द स्वीकारण्यात जुना निर्बंध जपण्याचीही सोय होती, हे विसरता येत नाही.

छापील पाकपुस्तकांनी या प्रवाहास वेगळी दिशा दिली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे १८७५ मधील 'सूपशास्त्र' हे मराठीतील आरंभीच्या छापील पाकपुस्तकांपैकी एक असून ते एका पुरुषाने लिहिलेले आहे. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' प्रसिद्ध झाले, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्याच हाती लेखणी आली. सारस्वत महिला समाजासाठी अंबाबाई संशी यांनी सिद्ध केलेल्या 'रसचंद्रिका' या १९४३ मधील पुस्तकात स्त्रियांच्या संस्थेने आपल्या समाजाची पाकपरंपरा संकलित केली. तथापि तिचा परीघ ज्ञातीचा होता. ज्ञातीच्या बाहेरील मैत्रिणीला त्यात स्थान मिळण्यासाठी शहराची रचनाच बदलावी लागली.

उपनगरांची घडण आणि मैत्रिणीचे नवे नाते

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी रेल्वे धावली व पुढील वर्षी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. ठाणे, डोंबिवली व कल्याण ही स्थानके मुंबईच्या मुख्य स्थानकापासून अनुक्रमे सुमारे ३४, ४८ व ५४ किलोमीटर अंतरावर आहेत. स्वातंत्र्योत्तर काळात गिरगाव, दादर, परळ येथील जागा अपुऱ्या व आवाक्याबाहेरच्या होत गेल्या, तसतशी मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे या मार्गाने उत्तरेकडे सरकली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट, तसेच डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांनी कोकण, देश, खानदेश व परप्रांतांतील कुटुंबांनाही येथे आणले. तत्पूर्वी कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली होती व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले होते. डोंबिवलीत मल्याळी, तमिळ, कन्नड व गुजराती भाषकांची वस्तीही वाढली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे १८ लाखांहून व १२ लाखांहून अधिक होती.

या स्थलांतराचा स्वयंपाकघरावर झालेला परिणाम दुहेरी होता. दोन खोल्यांच्या घरात राहावयास आलेल्या तरुण जोडप्यासोबत सासू नेहमीच असेल असे नव्हते. चकल्या तेलात विरघळू लागल्या, अनारशाला जाळी पडेना, तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न उभा राहिला. गावी पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत दिवाळी सरून जाई. त्यामुळे शेजारीण ही पहिली सल्लागार ठरली. दुसरा परिणाम असा की, ती शेजारीण एकाच गावची वा ज्ञातीची असण्याची शक्यता कमी झाली होती. देशस्थ घरातील काळा मसाला, कोकणस्थ घरातील गोडा मसाला, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे वालाचे बिरडे व निनावे, आगरी-कोळ्यांच्या तांदळाच्या भाकरी, ईस्ट इंडियनांचा बाटली मसाला आणि सिंधी कढी हे सारे एकाच लोहमार्गालगत नांदत होते.

याच काळात स्त्रिया मोठ्या संख्येने कार्यालयांत येऊ लागल्या. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले व १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. या संस्थांबरोबरच टेलिफोन खाते, सचिवालय व शाळा यांतील नोकरीमुळे नात्याने बांधलेली नसलेली, पण रोज भेटणारी 'मैत्रीण' ही व्यक्ती मध्यमवर्गीय स्त्रीच्या प्रौढ आयुष्यात आली. लग्नानंतर माहेरच्या मैत्रिणी सुटणे हा पूर्वीचा रिवाज होता. लग्नानंतर नव्या मैत्रिणी मिळणे ही या पिढीची कमाई होय.

देवाणघेवाणीची स्थळे

या देवाणघेवाणीचे पहिले स्थळ चाळीची गॅलरी हे होते. दिवाळीपूर्वी करंज्या व चकल्या करण्यासाठी शेजारणी आळीपाळीने एकमेकींकडे जमत. एकीने पिठाचा घाणा भिजवावा, दुसरीने पारी लाटावी, तिसरीने सारण भरावे, अशी कामाची वाटणी होई. मोहन किती कडकडीत हवे, हे तेथे सांगावे लागत नसे. ते दिसत असे. शेजारून आलेला डबा रिकामा परत करू नये, हा संकेतही महत्त्वाचा होता. निदान चिमूटभर साखर घालून तो परत जाई. अशा संकेताने देवाणघेवाण एका खेपेत संपत नसे.

दुसरे स्थळ सण व व्रते यांचे होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास कैरीची डाळ व पन्हे घरोघरी होत असे, पण प्रत्येक घरची डाळ वेगळी लागे. एकाच महिन्यात दहा घरची डाळ चाखणारी स्त्री आपोआप तुलना करू लागे. भोंडल्याची खिरापत तर ओळखण्यासाठीच असते. झाकलेला डबा हलवून आतील पदार्थाचा अंदाज बांधावयाचा, ही प्रथा मुलींना लहानपणापासून पदार्थांची नावे व त्यांचे प्रकार शिकवीत होती. कोणालाही ओळखू न येणारी खिरापत करणे हे यजमान घराच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई, आणि ओळखू न आलेल्या पदार्थाची कृती लगेच विचारली जाई.

तिसरे व या परिसराचे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण स्थळ म्हणजे लोकलचा महिला डबा. डोंबिवली वा कल्याणहून मुख्य स्थानकापर्यंत धिम्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतात. जाता-येता मिळून हा काळ कामाच्या दिवसाच्या एका मोठ्या हिश्श्याइतका होतो. परतीच्या प्रवासात मेथी निवडणे, मटार सोलणे, भाजी चिरणे ही कामे डब्यातच उरकली जात. हातात मेथीची जुडी असताना ती कशी करणार, हा प्रश्न स्वाभाविकच निघे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा व ठरलेल्या सहप्रवासिनी यांमुळे हे गट वर्षानुवर्षे टिकत. वाढदिवस, बढती वा मुलाचा निकाल यांनिमित्त घरून पदार्थ आणण्याची रीत त्यांत रूढ झाली. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर संपूर्ण महिला लोकल सुरू झाली व पुढे मध्य रेल्वेवरही अशा गाड्या धावू लागल्या, तोवर या गटांची परंपरा बरीच जुनी झाली होती. बाकावर कोण शेजारी बसेल हे गर्दी ठरवीत असे. जातीने किंवा आळीने ठरवलेला शेजार येथे प्रथमच सैल झाला.

चौथे स्थळ भिशी व महिला मंडळ यांचे. भिशी ही मूलतः बचतीची व्यवस्था. दरमहा एकीच्या घरी जमताना यजमानीणबाईंनी काही नवे करावे, ही अपेक्षा तिला जोडली गेली. पैशाच्या पाळीबरोबर पदार्थाचीही पाळी आली, आणि ज्या महिन्यात रक्कम मिळत नसे त्या महिन्यातही कृती मिळे.

मापाची भाषा

आईच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीस मापाची गरज नसते. 'अंदाजाने' हा शब्द तिला पुरतो, कारण अंदाज तिच्या डोळ्यांसमोर घडत असतो. धावत्या गाडीत ऐकणाऱ्या मैत्रिणीस तो पुरत नाही. त्यामुळे मैत्रीच्या देवाणघेवाणीत प्रमाणाची भाषा पुढे आली. तीन वाट्या तांदळास एक वाटी उडीद डाळ हे इडलीचे प्रमाण मराठी घरांत अशाच तोंडी सूत्राने स्थिर झाले. सातकपी वडी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. एक कप डाळीचे पीठ, एक कप ओले खोबरे, एक कप दूध, एक कप तूप व तीन कप साखर अशी सात कपांची बेरीज पदार्थाच्या नावातच सामावलेली आहे. कागद-पेन्सिल हाताशी नसतानाही ही कृती विसरणे कठीण. नावातच कृती असलेला हा पदार्थ तोंडी प्रसारासाठी जणू घडविला गेला होता.

मापाबरोबर खुणांचीही एक परिभाषा होती. एकतारी पाक, गोळीबंद पाक, बदामी रंग, तेल सुटेपर्यंत परतणे, खमंग वास सुटेपर्यंत भाजणे या संज्ञा घड्याळ व तापमापक यांची जागा घेत. वास, रंग, स्पर्श व आवाज यांवर आधारलेली ही परिभाषा मराठीच्या व्यावहारिक शब्दसंपत्तीचा मोठा ठेवा आहे.

या संदर्भात १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या पुस्तकाचे यश समजून घेता येते. वाटी व चमचा ही प्रत्येक घरात असलेली मापे त्यांनी वापरली. नव्या शहरी गृहिणीला नेमके जे हवे होते, ते या पुस्तकाने दिले. तरीही पुस्तकाने वही संपविली नाही. पुस्तकातील कृती मैत्रिणीने करून पाहिलेली असली, तरच तिच्यावर विश्वास बसे. आणि वहीत उतरवताना तिच्यात 'साखर अर्धी वाटी कमी' अशी दुरुस्ती होई. या वह्यांत कृतीच्या मथळ्यासोबत ती सांगणारीचा उल्लेख येतो : शेजारच्या काकूंचे लोणचे, ऑफिसातल्या मैत्रिणीचा वाळूवरचा केक. मसाल्याला पूर्वी घराण्याचे नाव असे. येथे कृतीला व्यक्तीचे नाव लाभले. स्त्रीच्या ज्ञानाचे श्रेय तिच्या नावे नोंदविणारी ही साधी व्यवस्था होती.

टंचाई, वेळ आणि श्रम

ही देवाणघेवाण केवळ हौसेची होती, असे समजणे चुकीचे ठरेल. १९७२ च्या दुष्काळात शिधावाटप दुकानांतून मिलो आला. त्याची भाकरी थापताना तुटे व चवीलाही रुचत नसे. अशा वेळी कोणते पीठ किती मिसळावे, तेल व साखर कशी पुरवावी, याची माहिती ही संसार चालविण्याची गरज होती. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि लाटणे हे मोर्चाचे चिन्ह बनले. रस्त्यावर उंचावलेले लाटणे आणि घरात कमी तेलात भागविण्याची युक्ती, ही एकाच परिस्थितीला दिलेली दोन उत्तरे होती.

दुसरी टंचाई वेळेची होती. पहाटे उठून डबे भरणाऱ्या स्त्रीला रात्री भिजवून ठेवता येणारी, कुकरच्या एका शिटीत होणारी, आठवडाभर टिकणारी कृती हवी होती. घराघरांत आलेला प्रेशर कुकर व पुढे आलेला मिक्सर यांना अनुरूप असे पारंपरिक पदार्थांचे रूपांतर याच गटांत सिद्ध झाले. मात्र या सर्व युक्त्या स्त्रीच्याच वेळेची बचत करण्यासाठी होत्या. घरातील श्रमाची वाटणी त्यांनी बदलली नाही. 'सुगरण' या बिरुदाने नोकरी करणाऱ्या स्त्रीवरचा भार वाढविला, हेही नमूद केले पाहिजे. कृती सांगताना एखादा जिन्नस 'हातचा राखून' ठेवला जातो, हा लोकप्रिय समज त्या बिरुदामागील स्पर्धेकडेच निर्देश करतो.

परिघाच्या मर्यादा

मैत्रीचा परीघ ज्ञातीच्या परिघाहून मोठा होता, पण तो सर्वांना सामावणारा नव्हता. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात शहरी मध्यमवर्गीय स्त्रियांच्या आंतरप्रांतीय संपर्कातून आणि पाकपुस्तकांतून भारतीय म्हणून ओळखली जाणारी नवी पाकपरंपरा कशी घडली, हे दाखविले आहे. या प्रक्रियेत प्रत्येक प्रदेशाचे काही निवडक पदार्थच पुढे येतात. ठाणे-डोंबिवलीच्या संदर्भात हे निरीक्षण जातीलाही लागू करता येईल. पुरणपोळी, श्रीखंड, अळूची भाजी, थालीपीठ हे पदार्थ 'मराठी' म्हणून सर्व दिशांना गेले. सुकट, बोंबील, सोडे यांच्या कृती मात्र ज्यांच्या घरी ते आधीच शिजत, त्यांच्यातच बहुतांशी फिरल्या. सुक्या मासळीचा डबा गाडीत उघडताना शेजारणीच्या चेहऱ्याकडे पाहावे लागे; साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडताना तसे पाहावे लागत नसे. एकीची कृती सर्वांनी मागून घेतलेली आणि दुसरीची कोणी न विचारलेली, या दोन्ही गोष्टी इतिहासाला सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. मराठी पाकपुस्तकांच्या दीर्घ परंपरेत अशी नोंद इतक्या उशिरा यावी, यावरून मुद्रित परंपरेचे आणि तिला कृती पुरविणाऱ्या स्नेहवर्तुळांचे अपुरेपण लक्षात येते. पाककृती विटाळाच्या पलीकडे जाऊ शकते, हे आरंभी म्हटले. ती विचारली जाण्यासाठी मात्र आधी त्या अन्नाविषयी आदर असावा लागतो. तो नसेल तर निर्बंध उठूनही कृती जागची हालत नाही.

वह्यांचे मूल्य आणि स्थिती

२००० नंतर खासगी मराठी वाहिन्यांवरील पाककलेच्या कार्यक्रमांनी व पुढे मोबाइलने कृती मिळविणे सोपे केले. कृती मिळविण्यासाठी आता कोणा ओळखीच्या व्यक्तीची आवश्यकता राहिली नाही. याच सुमारास १९६० व १९७० च्या दशकांत नोकरीस लागलेली पिढी निवृत्त झाली. त्या पिढीच्या वह्या जुन्या डायऱ्यांच्या, कार्यालयीन कागदांच्या पाठकोऱ्या पानांच्या व कापून चिकटविलेल्या कात्रणांच्या स्वरूपात आहेत. इमारतींच्या पुनर्विकासात घर रिकामे करताना अशी वही रद्दीत जाण्याचा संभव सर्वाधिक. तिच्यावर लेखिकेचे नाव नसते, प्रकाशन नसते, किंमत नसते.

इतिहासाच्या अभ्यासकास मात्र अशा एका वहीत शेजाराची रचना, कार्यालयीन संबंध, धान्याची उपलब्धता, उपकरणांचे आगमन आणि स्नेहाची व्याप्ती यांचा पुरावा सापडतो. वहीत कोणाची नावे आहेत व कोणाची नाहीत, याचा विचार केल्यास त्या स्त्रीच्या मैत्रीचा नकाशाच हाती येतो. या परिसरातील महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी याच घरांतून येतात. आजीची वही तिच्या संमतीने छायांकित करणे, प्रत्येक कृती सांगणारी कोण होती हे तिच्याकडून विचारून टिपणे, हा स्थानिक इतिहासाचा प्रकल्प अल्प खर्चात व विद्यमान साधनांनी होऊ शकतो. त्यासाठी उपलब्ध असलेला काळ मात्र दीर्घ नाही, कारण वही उरली तरी तिच्यातील 'काकू' कोण, हे सांगणारी व्यक्ती उरेलच असे नाही.

निष्कर्ष

१. स्थलांतर, विभक्त कुटुंब व स्त्रियांची नोकरी यांमुळे ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात पाककृतीचा वारसा नात्याकडून मैत्रीकडे सरकला.

२. चाळ, सण, लोकलचा महिला डबा व भिशी ही या देवाणघेवाणीची प्रमुख स्थळे होत. त्यांपैकी महिला डब्याने जातीने ठरविलेला शेजार सर्वाधिक सैल केला.

३. तोंडी देवाणघेवाणीच्या गरजेतून अंदाजाची जागा वाटी-चमच्याच्या प्रमाणाने घेतली व कृतीला सांगणाऱ्या स्त्रीचे नाव मिळाले.

४. ही देवाणघेवाण टंचाई व वेळेचा अभाव यांवरील उपाय होती. घरातील श्रमविभागणी मात्र तिने बदलली नाही.

५. मैत्रीचा परीघ विस्तारला तरी मांसाहारी, विशेषतः सुक्या मासळीच्या, आणि दलित समाजाच्या पाककृती बव्हंशी त्याच्या बाहेर राहिल्या.

६. हस्तलिखित पाककृतींच्या वह्या हे स्त्रियांच्या इतिहासाचे प्राथमिक साधन असून ते सांगणाऱ्या व्यक्ती हयात असेतोवर त्यांचे संकलन होणे अगत्याचे आहे.